भोकं पडलेलं गाणं

हेल्मेट घातलेली बाजाची पेटी तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे, आणि ती पाहिली त्याच दिवशी मला कळून चुकलं की या शाळेत आपली नोकरी काही सरळ जाणार नाही.

मी तेव्हा नवाकोरा शिक्षक. राहायला धुळ्यात देवपूरला, आणि नेमणूक पांझरेच्या काठच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत. पहिल्याच दिवशी फाटकाशी मोटारसायकल लावतोय, तर मागून एक मोपेड आली. पुढे बसलेल्या माणसाच्या डोक्याला साधा रुमाल, आणि मागच्या सीटवर दोरीनं आवळून बांधलेली हार्मोनियम. तिच्या डोक्यावर, म्हणजे जिथे पेटीला डोकं असायला हवं तिथे, चकचकीत लाल हेल्मेट. पट्टासुद्धा व्यवस्थित लावलेला.

मी बघतच राहिलो. तर गृहस्थ उतरता उतरता म्हणाले, "बाप्पा, माझं डोकं फुटलं तर सिव्हिलमध्ये टाके घालतात. हिचा सूर फुटला तर कोण टाके घालणार?"

हे आमचे गुरुजी. मूळचे बोदवडचे. बोलताना दर दोन वाक्यांनी 'बाप्पा' म्हणायचे. वर्ग चौथीचा घ्यायचे, पण आठवड्यातल्या कलेच्या दोन तासिका त्यांनी गाण्यासाठी राखून ठेवल्या होत्या, आणि तिसरी-चौथी एकत्र बसवून ते त्या घेत. अंगानं इतके बारीक की वारा सुटला की पेटी धरून बसत. पेटी उडू नये म्हणून नव्हे, स्वतः उडू नये म्हणून. कान मात्र असे की खापरावर भाकरी टाकल्याचा आवाज चार घरं सोडून ऐकायचे आणि सांगायचे, "पीठ सैल झालंय."

सगळ्या जगाला सूर आहे आणि तो आपल्याला विचारल्याशिवाय बदलता कामा नये, अशी त्यांची समजूत होती. गावातली पिठाची गिरणी पंचमात चालते हे त्यांनीच गिरणीवाल्याला सांगितलं. एकदा गिरणीचा पट्टा ढिला झाला आणि ती मध्यमावर आली. गुरुजी वर्ग सोडून गिरणीत गेले, पट्टा घट्ट करून घेतला, मगच परत येऊन भागाकार शिकवला. कुकर घ्यायला धुळ्याच्या बाजारात गेले तेव्हा मी बरोबर होतो. दुकानदाराला त्यांनी सात कुकर गॅसवर चढवायला लावले आणि स्टुलावर डोळे मिटून बसून राहिले. चौथ्या कुकरच्या शिट्टीला उठले, म्हणाले, "हा." दुकानदार म्हणाला, "गुरुजी, गॅरंटी पाच वर्षांची." गुरुजी म्हणाले, "बाप्पा, सुराची की भांड्याची?"

कलिंगड ते टिचकी मारून घेत. त्यात विशेष नाही, सगळेच घेतात. पण हे टिचकी मारून पुढे ते कलिंगड विक्रेत्याच्या कानाशी धरत आणि विचारत, "तुम्हीच सांगा, हा गंधार लागलाय का?"

पण त्यांचा खरा वेडेपणा कळायचा तो गाण्याच्या तासाला.

दुसऱ्या कुठल्याही शाळेत गाण्याच्या तासाला काय होतं? गुरुजी एक ओळ म्हणतात, मुलं ती ओरडतात, शेजारचा वर्ग दार लावून घेतो. आमच्या गुरुजींनी एकच गाणं बांधलं होतं. चार ओळींचं, दर ओळीला आठ मात्रा. त्यात भरीत होतं, कळण्याची भाकरी होती आणि एक म्हैस होती. अर्थ असा फारसा नव्हता. पण शब्द फार नंतर यायचे. आधी नुसती सरगम. आठ चोक बत्तीस मात्रा, आणि तिसरी-चौथीत मिळून मुलं बत्तीस. गुरुजींनी काय करावं? एकेका मुलाला एकेक मात्रा वाटून टाकली. गाणं आपलं चाललंय, आपली मात्रा आली की आपला स्वर म्हणायचा, आणि पुन्हा गप्प. बाकीच्या एकतीस मात्रा मांडीवर बोट टेकवत मोजायच्या.

म्हणजे पहा, वर्षभर गाणं शिकून पोराला काय यायचं? एक स्वर! पण त्या एका स्वराचा रुबाब काय सांगावा. पोरं घरी जाऊन सांगत, "हऊ मना ग शे! दुसरी ओळमा, पाचवा!" जणू काही गावठाणात प्लॉट मिळाला. मधल्या सुट्टीत भांडणं व्हायची ती यावरून. एकानं आपला धैवत दुसऱ्याच्या मध्यमाशी बोरांच्या बदल्यात बदलला, तर गुरुजींनी दोघांना बोलावून बोरं परत करायला लावली. खाऊन झालेली बोरं परत कशी करणार? दुसऱ्या दिवशी पोरगं बांधावरून नवी वेचून घेऊन आलं, तेव्हा कुठे मध्यम मूळ मालकाला मिळाला.

आणि नियम एकच, पण पोलादी. एखादं मूल आलं नाही तर त्याची मात्रा रिकामी ठेवायची. दुसऱ्या कुणी ती म्हणायची नाही. गाणं तिथे येऊन एक मात्रा गप्प बसायचं आणि पुढे जायचं. गुरुजी त्याला भोक म्हणत. हजेरी ते कधी घेतच नसत. गाणं म्हणवून घेत, भोकं मोजत आणि हजेरीपटावर बरोबर नावं टाकत.

सगळ्या गावाला त्या भोकांची सवय लागली. शाळेच्या मागच्या कुंपणाला लागून नानांचं शेत. नाना म्हणजे गावातले जुने शेतकरी, आवाज असा की एकदा हाक मारली तर तीन शेतांतले बैल थांबायचे. ते कुंपणावरून ओरडायचे, "गुरुजी, आज तिसरी ओळले भोक पडेल शे! कोन्हा पोऱ्या नही उना?"

"तुमचाच नातू, नाना!"

मग दहा मिनिटांत नातू शाळेत. नानांनी त्याला कसा आणला ते विचारू नका. पायात एकच चप्पल असायची आणि कान लाल असायचा.

सगळ्यात अवघड जागा होती एकतिसावी. तो नी. सगळं गाणं संपत आलं की तो यायचा, आणि त्याच्या मागोमाग बत्तिसावा, शेवटचा सा. ही जागा गुरुजींनी संघमित्राला दिली होती. तिसरीतली चिमुरडी, दोन वेण्या, बोलणं कमी. तिची आई शेतात मजुरीला जायची. ती एकदा शाळेत आली आणि पदर खोचून उभी राहिली. "गुरुजी, मनी पोर चार महिना व्हयनात शाळामा गाणं शिकी राहिनी. घरी म्हनं, गाय. ते एक डाव नी म्हनस अन गप्प बसस. हाई कसं गाणं?"

गुरुजी म्हणाले, "ताई, तीस मात्रा गप्प बसून एकतिसावी बरोबर लावणारी दुसरी पोर या गावात मला दाखवा, मी नोकरी सोडून देतो."

आईनं जरा विचार केला. "मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाली आणि गेली.

या भोकांचा प्रसार किती झाला ते माझ्या वर्गात कळलं. मी तिसरीला गणित घ्यायचो. एक दिवस सातचा पाढा म्हणवून घेतोय. सात पाचा पस्तीस झालं, आणि सगळा वर्ग एकदम गप्प. एक मात्रा. मग सात साती एकोणपन्नास. मी म्हटलं, "अरे, सात सक कुठे गेलं?" तर एक पोरगी उठून म्हणाली, "सर, सात सक विकासनं शे. तो आज नही उना." पोरांनी पाढेसुद्धा वाटून घेतले होते! मी ओरडलो, रागावलो, विकासचं बेचाळीस मी स्वतः म्हणून दाखवलं. तर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विकासच्या डब्यातली भाजी खाल्ली.

आता खरी गोष्ट.

दिवाळीनंतर आमच्या मुख्याध्यापिका बाईंना वरून कागद आला. बाई अतिशय प्रेमळ, पण कागदाला फार घाबरायच्या. साधं लग्नाचं आमंत्रण आलं तरी आधी पाणी प्यायच्या. कागदात होतं की शाळेत शिष्यवृत्तीच्या तयारीला तासिका कमी पडतात, तेव्हा कलेच्या तासिकांत मुलं नेमकं काय शिकतात ते साहेब स्वतः येऊन पाहतील. समाधान झालं नाही तर त्या दोन्ही तासिका शिष्यवृत्तीला. आणि त्या घेणार कोण? मी. खोटं कशाला बोलू, मला आतून थोडा आनंदच झाला होता. नवीन माणसाला तासिका मिळाल्या की आपण मोठे झालो असं वाटतं.

बाईंनी गुरुजींना कागद दाखवला. गुरुजींनी वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. कधी नव्हे ते त्या दिवशी पेटी न घेता घरी गेले. दुसऱ्या दिवशी 'मुले काय शिकतात' या रकान्यात त्यांनी लिहून आणलं: "प्रत्येकी एक स्वर."

"गुरुजी!" बाई रडकुंडीला आल्या. "वर्षभरात एक?"

"एकेकाला एक, बाई. सगळ्यांना मिळून बत्तीस. अख्खं गाणं."

साहेब आले तो दिवस नेमका वेचणीचा. कापूस फुटला की आमच्याकडे घरात माणूस राहत नाही. म्हातारी झाडाखाली, बाळ झोळीत आणि बाकी सगळे वाफ्यात. पोरंही जातात, नाही म्हटलं तरी जातात. सकाळी परिपाठाला गुरुजींनी मुलं मोजली. तेवीस. नऊ भोकं! आणि त्यातलं एक संघमित्राचं. ती एरवी कधीच चुकायची नाही. जूनपासून एकतिसाव्या मात्रेला भोक पडलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

बाई गुरुजींना बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजच्या दिवस भोकं बुजवा. दुसरी मुलं आहेत, त्यांना म्हणू दे. साहेबांना काय कळतंय?"

"साहेबांना नाही कळणार, बाई. पोरांना कळेल. आज मी त्या नऊ जणांच्या जागा भरल्या, तर उद्या ते म्हणतील, आपल्यावाचून गाणं होतंच की. मग ते यायचे कशाला?"

"तासिका जातील हो!"

"जाऊ द्या बाप्पा," गुरुजी म्हणाले. पण आवाज पार खाली गेला होता, खर्जाच्याही खाली. मी शेजारी उभा होतो. मला माझ्या त्या आनंदाची पहिल्यांदा लाज वाटली.

जीपमधून साहेब उतरले. करडे केस, बगलेत फाइल, आणि चेहरा असा की त्यावर आजवर माशीसुद्धा परवानगीशिवाय बसली नसेल. आधी माझ्या वर्गात आले. म्हणाले, "सातचा पाढा." पुढचं मी सांगायला नको. विकास कापसात, सात सक विकासबरोबर, सात आठी आणखी कुणाबरोबर. साहेबांनी फाइलीत काहीतरी लिहिलं. पेनचा आवाज इतका मोठा आला की बाईंनी भिंत धरली.

मग गाणं. तेवीस मुलं अर्धवर्तुळात, मधे मधे नऊ रिकाम्या जागा, कारण गुरुजी बसायच्या जागाही रिकाम्या ठेवत. पेटीवर नुसता सा धरला. पोरांची बोटं मांड्यांवर पडायला लागली. गाणं निघालं. एक, दोन, तीन, चार, आणि पाचव्या मात्रेला भोक.

"थांबले का?" साहेब म्हणाले.

"तो कापसात आहे, साहेब."

"मग दुसऱ्यानं म्हणायचं."

"दुसऱ्याची जागा नाही ती."

साहेबांचं पेन उघडलं. तेवढ्यात सातव्या मात्रेला दुसरं भोक आलं, आणि काय सांगू तुम्हाला, त्या भोकातून आवाज आला. लांबून, बारीक, पण बरोबर सुरात: "पऽऽ!"

कुंपणापलीकडून! नानांच्या शेतातून!

पोरं वाफ्यात वेचत होती, गाणं कानावर पडलं, आणि बोटं कापसावर असली तरी मात्रा डोक्यात चालूच होती. आपली जागा आली, पोरगं उभं राहिलं आणि तिथूनच म्हटलं. लगेच नानांचा आवाज आला, त्यानं शाळेची कौलं हलली: "मोटर बंद कर रे! पोरेस्नं गाणं चालू शे!" विहिरीवरची मोटर बंद झाली. सगळं शिवार गप्प.

गुरुजींनी डोळे मिटले. सूर शेतातून यायला थोडा उशीर लागत होता, म्हणून त्यांनी हातानं लय हळूहळू खाली आणली, अशी की शेत आणि वर्ग एका मापात बसले. वर्गातून रे, शेतातून ग. वर्गातून म, बांधावरून प. एक ध तर बाभळीवरून आला. ते पोरगं तिथे काय करत होतं देवाला ठाऊक. पहिली ओळ संपली, गुरुजींनी बोट वर केलं, पहिल्या ओळीतला तो राहिलेला पाचवासुद्धा परत फिरून घेतला. साहेबांचं पेन हवेत. दुसरी ओळ, तिसरी ओळ. आठही भोकं एकेक करून भरली.

राहिला एकतिसावा. नी.

संघमित्रा नानांच्या शेतात नव्हती. तिच्या आईचं काम नाल्यापलीकडे. तिथपर्यंत नानांची हाक पोचायची, पण तिथून एका चिमुरडीचा सूर शाळेत येणं शक्य नव्हतं. तिसावी मात्रा झाली. एकतिसावी आली. शांतता. नियमाप्रमाणे एक मात्रा थांबून हर्षलनं सा म्हणायचा आणि गाणं संपवायचं. हर्षल हा चौथीतला उंच पोरगा, शेवटच्या साचा मालक, खिडकीशी बसायचा. त्यानं सा म्हटलाच नाही.

"म्हण ना रे," बाई कुजबुजल्या.

हर्षलनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. बांधावरून एक पांढरं गाठोडं पळत येत होतं. कमरेला कापसाची ओटी बांधलेली, खाली दोन पाय आणि वर दोन वेण्या.

गुरुजींनी हात वर केला आणि तसाच धरला. भाता चालू. सा एकटाच वाजतोय. एकतीस मुलं थांबली, वर्गातली तेवीस आणि शेतातली आठ. बोटं मांडीवर टेकलेली, कुणी उचलेना. मी शपथेवर सांगतो, तेवढ्या वेळात माझी दाढी वाढली. बाईंच्या हातातला साहेबांसाठीचा चहा थंड झाला, त्यावर साय आली. बाहेर गिरणीवाल्यानं पट्टा उतरवून ठेवला. साहेब पुढे वाकले होते, खुर्चीच्या अगदी काठावर, आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, किंवा येत नव्हता. त्यांनी तो धरूनच ठेवला होता.

पोर उंबऱ्याशी आली. धापा टाकत होती. एक श्वास घेतला, आणि म्हटलं:

"नीऽऽ!"

असा चोख, असा टोकावरचा नी मी पुन्हा ऐकला नाही. आणि मग हर्षलचा सा. एकट्या हर्षलनं म्हणायचा होता, पण सगळ्या वर्गानं म्हटला, शेतानं म्हटला, नानांनी म्हटला, खिचडीवाल्या मावशींनी आतून झाऱ्यासकट म्हटला. गुरुजींचा नियम त्यांच्या डोळ्यांदेखत मोडला आणि ते पेटीवर डोकं ठेवून हसत सुटले.

मागून संघमित्राची आई आली, ओरडतच. "व माय! अर्धा कापूस रस्तामा सांडी टाका! एक नी म्हनाले इतली पळत उनी?"

पोर म्हणाली, "माय, बठ्ठा थांबेल व्हतात ना मनासाठे."

सगळे आपल्या पोरीसाठी थांबले होते हे ऐकून आईचा वर गेलेला हात तसाच खाली आला. तिनं वर्गाकडे पाहिलं, अर्धवर्तुळाकडे, मधल्या रिकाम्या जागांकडे. मग खाली बसून पोरीच्या ओटीची गाठ सोडायला लागली. "जाय," म्हणाली. "तुनी जागावर बैठ."

साहेब उठले. बाईंना म्हणाले, "तासिका आहेत तशा राहू द्या." फाइल मिटली, जीपपर्यंत गेले. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. साहेब चढले, परत उतरले आणि सरळ गुरुजींच्या समोर येऊन उभे राहिले.

"गुरुजी, मी चौथीत असताना मला समूहगीतात घेतलं होतं. मागच्या रांगेत. आमच्या बाईंनी कानात सांगितलं, तुझा आवाज नको, तू नुसते ओठ हलव."

"मग?"

"मग काय. तेव्हापासून हलवतोच आहे. मीटिंगमध्येसुद्धा."

गुरुजींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, कलिंगडाकडे पाहायचे तसं. म्हणाले, "पाचवी ओळ बांधतो, मोठ्यांसाठी. पहिली मात्रा तुमची. ध. म्हणा."

साहेबांनी घसा साफ केला, टाय सैल केला आणि म्हटलं. तो स्वर कुठल्याही सप्तकात नव्हता. बाभळीवरचं पोरगं खाली पडलं, नानांची म्हैस दावं तोडून गेली. मी गुरुजींकडे पाहिलं, आता हे काय करतात! गुरुजी म्हणाले, "आला, आला. थोडा बाजूनं आला, पण आला. रियाज लागेल. बुधवारी तास असतो बाप्पा. नाही आलात तर भोक पडेल."

पाचवी ओळ त्याच आठवड्यात भरली. साहेब, त्यांचा ड्रायव्हर, बाई, नाना, संघमित्राची आई, खिचडीवाल्या मावशी, गिरणीवाला आणि आठवा मी. मला रे मिळाला. तो घेऊन मी शिष्यवृत्तीचे तास शाळा सुटल्यावर घ्यायला लागलो.

तेव्हा जिल्ह्यात सगळ्यात जास्त वेळा तपासणी झालेली शाळा कुठली, असं कुणी विचारलं तर बेधडक आमची सांगा. साहेबांची बदली होईपर्यंत एकही बुधवार चुकला नाही. शेरेबुकं तीन भरली. आजही कपाटात आहेत, उघडून बघा. तारीख बदलते, शाई बदलते, पण प्रत्येक पानावर शेरा तोच, साहेबांच्या सहीसकट: "आज हजर होतो."